तवनाप्पांची सत्तावीस हत्यारं

आमच्या पडवीत एक लेथ आहे. तो माझा आहे. हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं, पण ते मला अजूनही खरं वाटत नाही.

मी मराठी शाळेतला मास्तर. खडूपेक्षा कठीण वस्तू हातात धरून मी आयुष्यात काही काम केलेलं नाही. घरात खिळा ठोकायचा झाला तर तो बायको ठोकते. असल्या माणसाच्या पडवीत पायानं चालवायचा, लोखंड आणि पितळ कातायचा लेथ कसा, असं नवा पाहुणा हटकून विचारतो. मी सांगायला लागतो आणि दर वेळी मधेच कुठंतरी माझाच गोंधळ उडतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. लिहिताना तरी उलगडेल.

तवनाप्पा निपाणीत आमच्या समोरच्या घरात राहायचे. मधे बारा पावलांची गल्ली. तंबाखूच्या एका वखारीत ते काटेवाले होते. बोद, म्हणजे तंबाखूचे मोठे गठ्ठे, तोलायचे, वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. अंगानं काटकुळे, डोक्याला रुमाल, कानामागे पेन्सिलीचा बोटभर तुकडा. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला मास्तर. वखारीतल्या काट्याची दांडी एकदा वाकली, ती त्यांनी घरी आणून स्वतः सरळ केली, आणि तिथून हे लोखंडाचं वेड लागलं, असं त्यांची बायको पद्माक्का सांगायची. ती ज्या स्वरात सांगे त्यावरून एखाद्याला साप चावला तो प्रसंग सांगते आहे असं वाटे.

त्यांची एक खोड होती. कुठलीही धातूची वस्तू दिसली की तिच्यावर नखानं टिचकी मारायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. आमच्याकडं चहाला आले तर आधी तांब्याला टिचकी, मग पेल्याला, मग चहा. लग्नात अहेराची भांडी मांडलेली असत, तिथं हे टिचक्या मारत फिरत आणि वधूपक्षाचे लोक अस्वस्थ होत. दुसरी खोड बोलण्यातली. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी दोनच भाग केले होते, "बसतंय" आणि "ढिलं हाय". जोडा, दार, जावई, नवा मामलेदार, सगळ्यांना हीच दोन मापं. शाळेच्या समारंभात मी एकदा तासभर भाषण केलं. बाहेर पडताना म्हणाले, "चांगलं झालं मास्तर. मधी जरा ढिलं हुतं."

एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात भोकं पाडायचं हाताचं ड्रिल, स्वच्छ पुसलेलं, एरंडेलाचा वास येणारं.

"मास्तर, ह्ये घ्या."

"कशाला?"

"तुमाला दिलं."

मी ते घेतलं. कुणी काही दिलं की घ्यायचं, एवढं मला कळतं. दोन महिन्यांनी ते परत आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं ड्रिल जरा तासाभरासाठी मिळंल का?" मी दिलं. तासाभरानं ड्रिल परत आलं, पुन्हा पुसून, तेल लावून. पुढं गल्लीत चौकशी केल्यावर कळलं की शिंप्याकडं त्यांची कानस आहे, वाण्याकडं दोन पाने आहेत, आणि ते सगळीकडून असंच तासाभरासाठी मागून नेतात. स्वतःच्या वस्तू लोकांना द्यायच्या आणि मग लोकांच्या म्हणून मागायच्या. मी बायकोला विचारलं, हा काय प्रकार असावा. ती म्हणाली, "तुम्ही मास्तर ना? मग मला काय विचारता?"

प्रकार असा होता. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी एका पावसाळ्यात निपाणीला जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. त्या चार महिन्यांत लोक व्रतं घेतात. त्यातलं एक व्रत असतं परिग्रहाला माप घालायचं. आपल्याजवळ अमुक एवढं ठेवीन, त्यावर नाही. कुणी सोन्याला माप घातलं, कुणी जमिनीला. तवनाप्पांकडं सोनं नव्हतं, जमीन भावाच्या ताब्यात. ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, हत्यारं. सत्तावीस." मंडपात हशा पिकला. महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आत्ता किती आहेत?"

"एकवीस."

"म्हणजे अजून सहांची भूक बाजूला काढून ठेवलीस."

हे मला तवनाप्पांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले. तेव्हापासून नवं हत्यार घरात आलं आणि आकडा सत्ताविसावर जायला लागला की जुनं एक कुणाला तरी देऊन टाकायचं, असा नेम. दिलं म्हणजे दिलं. उसनं आणलं तर दिवस मावळायच्या आत परत. तसंही दिवस मावळल्यावर ते कामाला हात लावत नसत. दिव्यावर किडे येऊन मरतात.

आता मोजायचं कसं, इथं माझी पहिली पंचाईत झाली. मी विचारलं, "अण्णा, कानशीची मूठ वेगळी मोजता का?" ते म्हणाले, "जे एकटं काम करतंय त्ये एक. मूठ एकटी काय करणार?" हे मला पटलं. पण मग आटे पाडायच्या नऊ टॅपांची पेटी एक न होता नऊ झाली, आणि त्यापायी नऊ जुनी हत्यारं गल्लीत वाटली गेली. आमच्याकडं त्यातली दोन आली. ती कशाची आहेत हे मला आजही माहीत नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी? तर एका कळीसाठी, म्हणजे आपोआप सुटणाऱ्या एका चापासाठी.

जैनांच्या घरात पाणी गाळून घेतात. गाळल्यावर फडक्यात जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात ते त्याच विहिरीत परत सोडतात, आणि तेही काठावरून ओतून नव्हे. वरून आपटून जीव मरतात. लहान भांडं दोरानं पाण्यापर्यंत खाली सोडायचं आणि तिथं ते अलगद पालथं करायचं. तवनाप्पांच्या परसातली विहीर खोल. काठ घसरडा. पद्माक्का रोज त्या काठावरून अर्धी आत वाकून भांड्याला दुसऱ्या दोरीनं हिसका देई, आणि तिचे गुडघे तर केव्हाचे गेलेले. तवनाप्पांना करायची होती एक पितळेची कळ. भांडं पाण्याला टेकलं की आपोआप सुटेल आणि भांडं कलंडेल अशी. तांबटाकडून त्यांनी दोनदा करून घेतली. केसभर ढिली झाली की ती मधेच सुटायची, केसभर घट्ट झाली की सुटायचीच नाही. "ह्ये हातानं व्हायचं न्हाय," ते म्हणाले. "कातूनच काढाय पायजे."

म्हणून लेथ. तो त्यांनी मोडका मिळवला, आणि एकेक भाग करून उभा केला. त्यातली पट्ट्याची गोष्ट मला फार आवडते. पायाच्या चाकावरून वरच्या चाकाला फिरवणारा पट्टा सगळीकडं कातड्याचा असतो. कातडं यांना चालणार नाही. बेळगावला वडगावात त्यांच्या ओळखीचा एक विणकर होता. त्याला गाठून सुताचा जाड, दुपदरी पट्टा विणायला सांगितला. महिन्यानं आम्ही दोघं आणायला गेलो. विणकरानं पट्टा उलगडला. पट्टा उत्तम होता, फक्त त्याला दोन्ही बाजूंनी लाल काठ होते.

"काठ कशाला घातलासा ओ?" तवनाप्पांनी विचारलं.

विणकर आमच्याकडं पाहतच राहिला. "बिनकाठाचं कोण इणतंय?" तो म्हणाला.

तवनाप्पांनी पट्टा ताणून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बसतंय." तो लालकाठी पट्टा अजून लेथवर आहे. लेथ फिरू लागला की काठ धावताना दिसतात, आणि माझी बायको म्हणते की एवढी चांगली काठाची वीण यंत्राला नेसवली.

लेथ उभा राहिला, पण त्याला चक नव्हता. चक म्हणजे जिनसेला तीन जबड्यांत धरून फिरवणारा लोखंडी पंजा. लांब दांडी दोन टोकांत अडकवून कातता येते, पण कळीची पेरभर नळी आतून पोखरायची तर चकाशिवाय गत्यंतर नाही, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. तोवर लढाई सुरू झाली आणि चक दृष्टीला पडेना. पद्माक्का विहिरीत वाकत राहिली. लढाई संपली तेव्हा बेळगावच्या कॅम्पात लष्कराचं भंगार लिलावात निघू लागलं, आणि तवनाप्पा एक दिवस मला म्हणाले, "मास्तर, उद्या सुट्टी हाय न्हवं? चला."

कॅम्पात एका मैदानावर भंगाराचे ढीग मांडले होते. सुटी वस्तू मिळत नव्हती. घ्यायचा तर अख्खा ढीग. चौथ्या ढिगात चक होता. तवनाप्पांनी त्याला टिचकी मारली, ऐकलं, आणि त्यांचे डोळे मिटले. त्या ढिगात आणखी अकरा चिजा होत्या. घोड्याच्या रिकिबी, फुटका कंदील, वाकडा बिगुल, दोन चाकं, बाकीचं मला ओळखता आलं नाही.

"मास्तर, बोली तुमी बोला."

"मी?"

"माझी सत्तावीस भरल्यात. तुमचं काय न्हाय."

आणि ते माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मी जन्मात लिलाव बोललो नव्हतो. घाबरून मी माझ्याच बोलीवर दोनदा चढलो. लोक हसले, लिलाववाल्यानं हातोडी आपटली, आणि मी बारा भंगार वस्तूंचा मालक झालो. निपाणीच्या मोटारीत तो बिगुल माझ्या मांडीवर होता.

मला वाटलं, आता ते घरातलं एखादं हत्यार कुणाला देतील आणि चक घेऊन जातील. दुसऱ्या दिवशी ते एक कानस घेऊन आले. "ही घ्या. चक नेतो." कानस कोनाड्यात ठेवून मी चक आणायला आत गेलो, बाहेर आलो तर कानस परत त्यांच्या हातात. "राहू द्या. दुसरं कायतरी देतो." चार दिवसांनी कॅलिपर आणला आणि परत नेला. मग गुण्या. मग एक छिन्नी, जिला ते आमच्या उंबऱ्यावर बसून बराच वेळ नुसते पाहत राहिले. असे अकरा महिने गेले. चक आमच्या स्वयंपाकघरात जात्याशेजारी, लेथ त्यांच्या सोप्यात, मधे बारा पावलं.

"अहो अण्णा, उसना न्या की!" मी एकदा वैतागून म्हणालो. "बाकीचं नेता तसं. तासाभरानं आणून द्या."

"उसनं नेलेलं परत करायच्या बोलीवर असतंय. ह्यो मी परत आणणार न्हाय. मला ठावं हाय."

"मग तो मोजूच नका. तुमचाच नियम आहे. जे एकटं काम करतं ते एक. चक एकटा काय काम करतो?"

हे बिनतोड आहे असं मला वाटलं होतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून परत खोवली. मग म्हणाले, "त्यो नियम चुकला मास्तर. त्या मैदानात मला त्यो एकटाच पायजे झालता. दुसरं काय दिसलंच न्हाय. जे एकटं पायजे वाटतंय, त्ये एक."

"मग द्या काहीतरी आणि मोकळे व्हा!"

"त्येच हुईना झालंय. इतकी वर्सं दिलं दिलं म्हणत आलो न्हवं? बघाय गेलं तर मला नको झालेलं तेवढं दिलं. लोक म्हणत्यात तवनाप्पा लई त्यागी. आता सत्तावीसच्या सत्तावीस पायजे असलेली हायत. आता द्यायला लागतंय, तर हात सुटंना." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "महाराजांनी वळखलं हुतं."

मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. पलीकडं एक बाई गुडघे धरून विहिरीत वाकते आहे आणि हा गृहस्थ हत्यारं मोजत बसला आहे. व्रत जीवांसाठी, कळ जीवांसाठी, आणि दोन्हीच्या मधे पद्माक्का. कोण कुणासाठी अडलं आहे ते मला कळेना. मी पद्माक्कालाच विचारलं, तुम्ही काही बोलत का नाही. ती म्हणाली, "मी रोज साकु म्हंते मास्तर. पुरं म्हंते. ऐकत्यात कुठं? आणि व्रत मोड म्हणाय माझी जीभ कशी उचलंल?"

त्या पावसाळ्यात ती पडली. विहिरीत नव्हे, देवाची कृपा. काठावरून पाय सरकला आणि तिनं रहाटाचा खांब धरला. दोर तळहातातून सरसरत गेला आणि दोन्ही हात सोलले. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. तवनाप्पा तिच्या हातांना तूप लावत होते आणि निम्मं तूप जमिनीवर सांडत होतं. पद्माक्का मात्र एकच गोष्ट विचारत होती, "भांडं कुठं पालथं झालं? वरच झालं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर दारात चार हमाल, आणि त्यांच्या मधे लेथ. लाल काठांचा पट्टा लोंबत होता. मागं तवनाप्पा.

"मास्तर, कुठं ठेवू?"

"काय?"

"लेथ. तुमाला दिला."

मला वाटलं, हा माणूस रात्रभर झोपला नसावा आणि डोक्यावर परिणाम झाला असावा. "अण्णा, मला चक न्यायला या म्हणतोय मी, आणि तुम्ही लेथ आणून देता?"

"चक तिकडं येत न्हाय. मग लेथच हिकडं येऊ दे. सत्ताविसातलं सगळ्यात पायजे असलेलं ह्येच हुतं." ते हसले, पण तोंडानंच. "आता मला परवानगी द्या. तुमच्या लेथवर, तुमच्या चकात, माझं एक काम करून घेतो."

पडवीतली पुस्तकांची फडताळं आत गेली आणि लेथ बसला. वखारीतून सुटले की दिवस मावळेपर्यंत ते आमच्याकडं काम करत. पायाची लय लागली की आमचं सगळं घर त्या तालावर चाले. एरंडेलाच्या वासानं शेजारची पोरं पडवीकडं फिरकेनाशी झाली. चकानं नळी धरली, पितळेचे सोनेरी केस भुईवर पडू लागले. अठराव्या दिवशी कळ झाली. करंगळीच्या पेराएवढी.

आम्ही सगळे विहिरीवर गेलो. पद्माक्काचे हात अजून बांधलेलेच होते, म्हणून दोर माझ्या बायकोनं धरला. भांडं खाली गेलं, दिसेनासं झालं. मग खालून एक बारीक 'टक्' आला आणि दोर हलका झाला. काठाशी कुणी वाकलं नव्हतं. पद्माक्कानं बांधलेल्या हातांनी डोळे पुसले. तवनाप्पांनी मान तिरकी करून तो 'टक्' ऐकला होता. "बसतंय," ते म्हणाले, आणि मला माझ्या अकरा महिन्यांच्या रागाची इतकी लाज वाटली की मी उगाच रहाट फिरवत राहिलो.

त्यानंतर ते एकेक हत्यार आमच्याकडं आणायला लागले. या वेळी परत नेत नव्हते. महाराज पुन्हा कधी भेटले नव्हते, नवं व्रत घेतल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "मोठं सुटलं की बारकं सुटतंय." शिंपी, वाणी यांच्याकडचीही हत्यारं त्या लोकांनी आपणहून आमच्याकडं आणून टाकली, लेथ तिथं तर हेही तिथंच शोभेल म्हणाले. माझी पडवी भरली. मी काही मागितलं नव्हतं.

मग त्यांची नोकरी संपली आणि नवरा-बायकोनं चिकोडीकडच्या गावी, भावाजवळ जायचं ठरवलं. जायच्या आठवडाभर आधी एक बेळगावचा कारखानदार लेथची वार्ता ऐकून माझ्याकडं आला. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी "नाही" म्हणालो. चक तरी द्या, म्हणाला. त्यालाही नाही. तो गेल्यावर मी पडवीत येऊन बसलो आणि मलाच मोठं कोडं पडलं. मला यातलं काही चालवता येत नाही.

मोटार-स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. पद्माक्काच्या मांडीवर ते भांडं होतं, फडक्यात गुंडाळलेलं. तवनाप्पांच्या हातात काही नव्हतं. मी बरोबर चकाचे जबडे आवळायची किल्ली नेली होती. आठवण म्हणून द्यावी असं मनात होतं. त्यांनी ती घेतली, टिचकी मारली, ऐकली, अंगठा फिरवला. मी कारखानदाराची गोष्ट सांगितली, अगदी तो चक मागत होता तेही. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला शाळेत उत्तर चुकलं म्हणून उभं केल्यासारखं वाटलं.

"एकटा चकसुद्धा दिला न्हाईसा?"

"नाही."

त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. "मग आता मोजायचं तुमी, मास्तर."

ते मोटारीत चढले. खिडकीपाशी बसले, आणि मोटार हलायच्या आधी त्यांनी बाहेर हात काढून पत्र्यावर नखानं टिचकी मारली, मान तिरकी करून ऐकलं. मला वाटतं ते काहीतरी म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. मोटार गेली. मी किल्ली खिशात घातली, आणि घरी येईपर्यंत तीनदा चाचपून पाहिली.